धुळाक्षरे आणि मेंदूचा आलेख

मराठी मुलखातील पंतोजींच्या शाळेत मुलाची पहिली ओळख कागदाशी होत नसे. ती धुळीशी होत असे. लाकडी पाटीवर बारीक माती वा विटांची भुकटी पसरावयाची, तीवर काडीने अक्षर काढावयाचे, चुकले तर हात फिरवून पाटी पुन्हा कोरी करावयाची, अशी ती रीत होती. ‘धूळपाटी’ आणि ‘धुळाक्षर’ हे शब्द त्या रीतीची खूण म्हणून भाषेत राहिले आहेत. ज्याला ही धुळाक्षरे साधत तो मुलगा हुशार ठरे. ज्याला साधत नसत तो ‘ढ’. अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपीपासून आजतागायत ‘ढ’ या अक्षराचे वळण जवळजवळ बदललेले नाही, म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची एक गमतीदार उपपत्ती सांगतात. उपपत्ती खरी असो वा नसो, शिक्का मात्र खरा होता. तो एकदा बसला म्हणजे पुढचा मार्ग ठरलेला असे : अंगठे धरणे, छडी, आणि अखेरीस शाळा सुटणे. मुलाचे लक्ष नाही, हे निदान; आणि लक्ष लागावे म्हणून मार, हा उपचार.

लक्ष म्हणजे नेमके काय, आणि ते देणे सर्वस्वी मुलाच्या हातचे असते काय, हे प्रश्न त्या शाळेत कोणी विचारले नाहीत. ते विचारले जाऊन त्यांची उत्तरे मिळू लागेपर्यंत दोन शतके उलटली. या दोन शतकांच्या वाटेवरील बरेच मुक्काम एकाच शहरात पडले आहेत, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते शहर म्हणजे मद्रास, १९९६ पासूनचे चेन्नई.

१७८७ साली अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासेत उतरला. दोन वर्षांनी, १७८९ साली, एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलग्यांच्या आश्रमाची देखरेख त्याच्याकडे आली. आज ज्या जागी एग्मोरचे रेल्वे स्थानक उभे आहे, तेथे त्या काळी एक छोटी गढी होती. आश्रम तिच्यात होता. मुले बहुतेक गोऱ्या शिपायांची आणि एतद्देशीय मातांची. त्यांच्याकडून विद्येची अपेक्षा कोणी फारशी करीत नव्हते. शिक्षक पगारी होते, परंतु अक्षरओळखीचा वर्ग काही केल्या पुढे सरकत नव्हता. अशात एके दिवशी घोड्यावरून जाताना बेलला एक देशी शाळा दिसली. तेथील मुले जमिनीवर वाळू पसरून तीत बोटाने अक्षरे काढीत बसली होती. आश्रमात परतताच त्याने अक्षरवर्गाच्या शिक्षकास तीच रीत लावावयास सांगितले. हे अशक्य आहे, असे त्या शिक्षकाचे उत्तर आले. तेव्हा बेलने तो वर्ग एका आठ वर्षांच्या मुलाच्या, जॉन फ्रिस्किन याच्या, स्वाधीन केला. शिपायाचा हा पोरगा जे शिकवू लागला ते मुलांना येऊ लागले, आणि ज्या पद्धतीला पुढे जगभर ‘मद्रास पद्धती’ हे नाव पडले तिचा जन्म झाला.

बेल १७९६ साली हिंदुस्थान सोडून गेला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याने या प्रयोगाची हकीकत छापली. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या त्याच्या जन्मगावी त्याच्या पैशातून निघालेली शाळा आजही ‘मद्रास कॉलेज’ याच नावाने ओळखली जाते. परंतु या पद्धतीचा जो गवगवा झाला तो भलत्याच कारणासाठी. एक गुरुजी आणि त्याच्या हाताखाली मुलेच शिक्षक, म्हणजे शेकडो मुलांचे शिक्षण अल्प खर्चात उरकते, हे सरकारांना आणि धर्मादाय मंडळ्यांना पटले. जोसेफ लँकेस्टरने तर त्याचा एक कारखानाच उभा केला. १८२० नंतर मुंबई इलाख्यात नव्या धर्तीच्या मराठी शाळा निघू लागल्या तेव्हा ही पद्धत विलायतेचा शिक्का घेऊन समुद्रमार्गे परत आली. आणि जेथे वडील विद्यार्थी धाकट्यांना शिकवीत होतेच, त्या आपल्या लोकांना ती नवी म्हणून शिकविण्यात आली!

या सगळ्या धामधुमीत बेलच्या प्रयोगाचा जो खरा गाभा, तो मागे पडला. धडा लहान असावा, तो पुनःपुन्हा व्हावा, पहिला पक्का झाल्यावाचून दुसऱ्याला हात घालू नये, आणि वर्ग मागे पडला तर दोष आधी शिकविण्यात शोधावा, असे बेलचे म्हणणे होते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर मुलाच्या अवधानाचा आवाका ओळखून त्या मापाचा घास त्याला द्यावा, एवढेच ते सूत्र आहे. वाळूत फिरणारे बोट अक्षराचा आकार डोळ्यांबरोबर स्नायूंनाही शिकविते, हे त्याला माहीत नव्हते. ते चालते एवढेच त्याने पाहिले होते.

यानंतर शंभर वर्षांनी इंग्लंडमधील एका डॉक्टराने न चालणाऱ्या मुलाकडे पाहिले. सीफोर्ड या समुद्रकाठच्या गावी डॉ. प्रिंगल मॉर्गन यांच्यासमोर पर्सी नावाचा १४ वर्षांचा मुलगा आला. मुलगा तल्लख होता, खेळात कोणाच्या मागे नव्हता, गणित त्याला चांगले येई. परंतु लहानपणापासून शिकवूनही छापील शब्द वाचता येईना. स्वतःचे नाव लिहितानाही तो अक्षरांची अदलाबदल करी. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत पहिला आला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. मॉर्गन यांनी १८९६ साली वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत छापली आणि या अवस्थेला जन्मजात शब्दांधत्व म्हटले. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्यापूर्वीच, १८८७ साली, जर्मनीत रूडोल्फ बर्लिन यांनी बनविला होता, पण तो मेंदूला इजा होऊन वाचन गमावलेल्या प्रौढांसाठी. पॅरिसमध्ये देजेरीन यांनी अशाच एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासून वाचनाचा संबंध मेंदूच्या डाव्या भागाशी जोडून दाखविला होता. ग्लासगोचे नेत्रवैद्य हिन्शेलवुड यांनी मुलांच्या बाबतीत तोच धागा धरला : दोष डोळ्यांत नाही, मुलाच्या स्वभावात तर नाहीच नाही, तो मेंदूच्या एका विशिष्ट जागी असला पाहिजे. अनुमान धीट होते, परंतु जिवंत मुलाचा मेंदू काम करताना पाहण्याची सोय त्या काळी कोणाकडेच नव्हती.

ती सोय १९२४ साली जर्मनीतील येना येथे झाली. मेंदूत विद्युत्प्रवाह असतात हे लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ सालीच प्राण्यांवर दाखविले होते. हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने तीच गोष्ट माणसाच्या बाबतीत, कवटी न उघडता, साधली. डोक्यावर लावलेल्या विद्युदग्रांतून येणारा प्रवाह अत्यंत क्षीण, व्होल्टच्या दशलक्षांशाच्या फार तर काही दशपटी एवढा. तरी त्याने तो कागदावर उतरविला. १९२९ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा बहुतेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ साली त्याला दुजोरा दिला, मग मात्र जगाने मान डोलावली.

बर्गरच्या आलेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अशी की, डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूतून सेकंदाला सुमारे दहा या गतीने एक संथ लाट येते. माणसाने डोळे उघडले की ती मावळते. एवढेच असते तर त्यात विशेष नव्हते. परंतु डोळे मिटलेल्या माणसाला एखादे गणित घातले, तरीही ती लाट दबते, आणि उत्तर सापडले की परत उमटते. बर्गरने आपल्या शाळकरी मुलीलाच भागाकार घालून हे नोंदविले. अवधान ही आजवर केवळ अंतर्मनाची गोष्ट होती. गुरुजींनी ती मुलाच्या डोळ्यांवरून ताडावयाची आणि चुकीचे ताडले तर शिक्षा मुलाने भोगावयाची. आता तिची पुसट का होईना, पण सावली कागदावर पडू लागली.

१९३८ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड संस्थानात जॅस्पर, सॉलोमन आणि ब्रॅडली या तिघांनी वागणुकीची तक्रार असलेल्या मुलांचे असे आलेख काढले. वात्रट, चंचल, उनाड म्हणून ज्यांची रवानगी रुग्णालयात झाली होती, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या आलेखांत वयाच्या मानाने मंद आणि अनियमित लाटा आढळल्या. हर्बर्ट जॅस्पर पुढे मॉन्ट्रियलला विल्डर पेनफील्ड यांच्या संस्थेत गेले, आणि मॉन्ट्रियलची ती वाट थेट तमिळ मुलखात येऊन पोहोचते. पेनफील्ड यांच्याकडे तयार झालेले जेकब चँडी यांनी १९४९ साली मद्रासहून काही तासांच्या अंतरावरील वेल्लोर येथे हिंदुस्थानातील मेंदू-शस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू केला.

पण वेल्लोरला पोहोचण्यापूर्वी अड्यारला थोडे थांबले पाहिजे. १९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मारिया माँटेसरी मद्रासेत आल्या. काही महिन्यांचा बेत होता; राहणे झाले जवळजवळ सात वर्षांचे. १९४० साली इटली महायुद्धात उतरताच ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांना अड्यारच्या आवारात राहण्याची मुभा मिळाली. त्यांचे पुत्र मारिओ यांना मात्र आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. मारियाबाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी सरकारने त्यांची सुटका केली. साम्राज्याच्या कारभारात अशी सहृदयता क्वचितच आढळते, म्हणून ती नोंदविण्याजोगी. अड्यारला माँटेसरीबाईंनी शेकडो शिक्षकांना शिकविले. त्यांच्या साधनांतील एक साधन म्हणजे खरखरीत कागदातून कापलेली अक्षरे. मुलाने ती बोटांनी गिरवावयाची. ही युक्ती त्यांना मुळात सुचली होती ती रोममधील मंदबुद्धी समजल्या गेलेल्या मुलांना शिकविताना, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. ती मुले त्या मार्गाने लिहावाचावयास शिकली तेव्हा बाईंना अचंबा वाटला तो त्या मुलांचा नव्हे. मग धडधाकट मुले शाळेत एवढी मागे का राहतात, याचा! अशा रीतीने एग्मोरला बेलने जे वाळूत पाहिले होते, तेच दीडशे वर्षांनी त्याच शहराच्या दक्षिण टोकास खरखरीत कागदाच्या रूपाने परत आले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी हीच शिकवण आपल्या मातीत रुजविली, आणि बोर्डी-कोसबाडच्या अंगणवाड्यांत खेड्यातील साधनांनी ती चालविली. ती कथा मराठी वाचकांस परिचित आहे.

१९५० च्या ऑक्टोबरात मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. बी. राममूर्ती यांनी मेंदू-शस्त्रक्रियेचा विभाग उघडला. पुढच्याच वर्षी, १९५१ साली, मद्रासेत भारतीय मज्जाविज्ञान संस्थेची स्थापना झाली. संस्थापक अवघे चार : चँडी आणि राममूर्ती हे दोघे शस्त्रवैद्य, बलदेव सिंग हे मज्जारोगतज्ज्ञ, आणि चौथे एस. टी. नरसिंहन, ज्यांचे क्षेत्रच मेंदूचे विद्युत्-आलेखन हे होते. चारांतील एक आसन आलेख वाचणाऱ्यास मिळावे, यावरून या यंत्राची त्या काळी केवढी मातबरी होती हे दिसते. मात्र त्याचे काम होते अपस्माराचे आणि मेंदूतील गाठींचे निदान. आलेखाच्या खोलीत येणारे मूल फेफऱ्याचे असे. वाचता न येणारे मूल रुग्णालयात येत नव्हते, कारण वाचता न येणे हा रोग आहे असे कोणाच्या मनातही येत नव्हते. ते मूल शाळेतच नापास होत राहिले.

त्याला नाव मिळाले ते पुन्हा सातासमुद्रापलीकडे. १९६३ साली शिकागोच्या एका पालकसभेत सॅम्युअल कर्क यांनी ‘अध्ययन अक्षमता’ हा शब्दप्रयोग सुचविला. मुलाची बुद्धी ठीक, दृष्टी ठीक, ऐकणे ठीक, शिकण्याची संधीही मिळालेली. तरी वाचन, लेखन वा गणित यांपैकी एखाद्या ठिकाणी त्याचे गाडे रुतते, अशी ही अवस्था. दोनच वर्षांनी, १९६५ साली, सटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या आलेखात अवधानाची आणखी एक खूण शोधून काढली. मन ज्याची वाट पाहत असते अशी खूण, आवाज वा अक्षर, समोर आले की सुमारे एक तृतीयांश सेकंदाने एक विशिष्ट लाट उसळते. वाचनात अडखळणाऱ्या किंवा अतिचंचल मुलांचे गट आणि इतर मुलांचे गट यांची तुलना केली असता, पुष्कळ अभ्यासांत पहिल्या गटाची ही लाट सरासरीने लहान किंवा उशिराची आढळली. तसेच त्यांच्या आलेखांत संथ लाटांचे प्रमाण अधिक, जणू मेंदूची घडण वयाच्या थोडी मागे चालली आहे, असेही निष्कर्ष निघाले. मेक्सिकोतील संशोधकांनी तर या संथ लाटा मुलाला ध्वनीच्या खुणेने स्वतःच आवरावयास शिकविण्याचा प्रयोग केला आणि २००३ साली त्याचे आशादायक निष्कर्ष छापले. परंतु प्रयोगातील मुले अगदी मोजकी होती.

येथे जरा सावध होणे आवश्यक आहे. दोन गटांच्या सरासरीत फरक असणे आणि समोर बसलेल्या एका मुलाचा आलेख पाहून त्याचे निदान करणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पुण्यातील माणसे सरासरीने अमुक उंचीची आणि नागपुरातील तमुक उंचीची, एवढ्यावरून समोरच्या माणसाचे गाव सांगता येत नाही, तसेच हे. अमेरिकेत २०१३ साली संथ आणि द्रुत लाटांच्या गुणोत्तरावर आधारलेल्या एका यंत्राला अवधानदोषाच्या निदानास पूरक म्हणून परवानगी मिळाली. पण २०१६ साली तेथील मज्जारोगतज्ज्ञांच्या परिषदेने या गुणोत्तरावर निदान करू नये असा इशारा दिला. डोक्याला तारा लावून मुलाची एकाग्रता मोजून देतो, अशा जाहिराती आपल्याकडेही दिसतात. त्यांनी पालकांच्या खिशाचा भार हलका होतो, हे निश्चित. अध्ययन अक्षमतेचे निदान आजही मुलाला वाचावयास, लिहावयास, ऐकून शब्दांचे ध्वनी सुटे करावयास लावूनच केले जाते, आणि ते तसेच झाले पाहिजे.

मग या सगळ्या यंत्रांनी दिले काय? त्यांनी एक आरोप खोटा पाडला, आणि ही देणगी लहान नाही. १९९८ साली अमेरिकेतील शेविट्झ दांपत्य आणि त्यांचे सहकारी यांनी चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने वाचन चालू असतानाचा मेंदू पाहिला. सराईत वाचकाच्या मेंदूचा डावा, मागचा भाग वाचताना जोमाने कामास लागतो. डिस्लेक्सिया असलेल्या वाचकात तो मंद राहतो आणि कपाळाच्या बाजूचा भाग जास्त राबतो. देजेरीन आणि हिन्शेलवुड यांनी अंधारात जिकडे बोट दाखविले होते, त्याच परिसरात हा फरक दिसला. याचा अर्थ साध्या शब्दांत असा. सराईत वाचकाला ‘घर’ हा शब्द दिसताच कळतो. त्यासाठी त्याला लक्ष खर्चावे लागत नाही, ते सारे अर्थासाठी शिल्लक राहते. अडखळणाऱ्या मुलाला ‘घ’ की ‘ध’, ‘भ’ की ‘म’, येथपासून प्रत्येक पायरी जाणीवपूर्वक चढावी लागते. ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत ओळीचा आरंभ हरवलेला असतो. अवधानाची सगळी पुंजी अक्षरांवरच संपते, आणि मग ते मूल खिडकीबाहेर पाहू लागते. गुरुजींना दिसते ते खिडकीबाहेर पाहणे. त्याआधी त्याने उपसलेले कष्ट दिसत नाहीत, कारण ते कवटीच्या आत झालेले असतात. काही मुलांत अवधानाचा स्वतंत्र दोषही जोडीला असतो, हे खरे. तरी पुष्कळांच्या बाबतीत लक्ष नाही म्हणून वाचता येत नाही असे नसून, वाचता येत नाही म्हणून लक्ष उरत नाही.

दुसरी गोष्ट याहून दिलासा देणारी आहे. हा मेंदू घट्ट मुशीत ओतलेला नसतो. योग्य रीतीने शिकविल्यावर अशा मुलांच्या डाव्या बाजूचा मंद भाग जागा होऊ लागतो, हे २००० नंतरच्या अनेक अभ्यासांत आढळले. २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर आपल्या लिपीचा आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक स्त्रिया, सहा महिने देवनागरी वाचावयास शिकविले आणि शिकण्यापूर्वी व नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. बदल केवळ मेंदूच्या वरच्या थरात न राहता, दृष्टी आणि अवधान यांची सूत्रे हलविणाऱ्या खोल, जुन्या केंद्रांपर्यंत पोहोचलेले दिसले. तिशीच्या घरातील बाईच्या मेंदूला सहा महिन्यांत एवढे साधते, तर आठ वर्षांच्या मुलाविषयी निराश होण्याचे कारण काय?

मद्रासेत या मुलांसाठी संघटित प्रयत्न सुरू झाले ते १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था डॉक्टरांच्या नव्हे, तर मुख्यतः पालकांच्या आणि हितचिंतकांच्या पुढाकाराने उभी राहिली. शहराचे नाव बदलल्यावरही संस्थेने आपले नाव बदललेले नाही. तिच्या ‘अनन्या’ या केंद्रात मूल काही काळ पूर्णवेळ येते, लहान गटात शिकते आणि पायावर उभे राहिले की आपल्या नेहमीच्या शाळेत परत जाते. मुलाला कायमचे वेगळे काढावयाचे नाही, हे त्यातले मर्म. शिकविण्याची पद्धत बहुसंवेदी : अक्षर पाहावयाचे, त्याचा ध्वनी मोठ्याने म्हणावयाचा, आणि ते हाताने गिरवावयाचे, एकाच वेळी. तिचा उगम अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामात, १९२५ नंतरच्या दशकात, झाला असे सांगतात, आणि ते बरोबरही आहे. जगभरच्या अशा उपचारवर्गांत एका तबकात वाळू ठेवलेली असते. ती परदेशी उपकरण म्हणून चेन्नईत यावी, यातील विनोद एग्मोरची हकीकत ठाऊक असलेल्यासच कळेल. तमिळ घरांत विजयादशमीला मुलाचे बोट धरून तांदळाच्या ताटात पहिले अक्षर काढून घेण्याची चाल तर आजही मोडलेली नाही.

महाराष्ट्रात शासनाने १९९६ साली शालान्त परीक्षेस बसणाऱ्या अशा विद्यार्थ्यांना सवलती दिल्या : जास्तीचा वेळ, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सोपे अंकगणित. तामिळनाडूतही अशा सवलती आहेत. परंतु केंद्राच्या १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात या अक्षमतेचा उल्लेखच नव्हता. तो यावयास २०१६ चा कायदा व्हावा लागला. त्यातील २१ प्रकारांत तिला प्रथमच स्थान मिळाले. मधल्या २१ वर्षांत पहिलीपासून दहावीपर्यंत मुलांच्या दोन पिढ्या शाळेतून बाहेर पडल्या.

चेन्नईतील मेंदूविज्ञान आज कोठच्या कोठे गेले आहे. २०२२ साली मद्रासच्या आयआयटीत स्थापन झालेल्या मेंदू संशोधन केंद्राने दोनच वर्षांत, २०२४ साली, गर्भावस्थेतील मानवी मेंदूचे ५,१३२ छेद पेशीपेशींच्या तपशिलासह ‘धरणी’ या नावाने जगासमोर मांडले. या नकाशामुळे वाचनाचे यंत्र मुळात कसे बांधले जाते याचा शोध सोपा होईल, अशी अपेक्षा करण्यास हरकत नाही. मात्र त्यागराय नगरातील एखाद्या शाळेत एखादी मुलगी फळ्यावरची ओळ का वाचू शकत नाही, याचे उत्तर त्या नकाशात इतक्यात सापडणार नाही.

ते उत्तर शोधताना एक प्रश्न बहुधा विसरला जातो : मूल कोणत्या लिपीत अडले आहे? तमिळमध्ये ‘क’, ‘ख’, ‘ग’, ‘घ’ या चौघांचे काम एकच अक्षर करते. उच्चार संदर्भाने ओळखावयाचा. एकार आणि ऐकार यांची चिन्हे व्यंजनाच्या आधी लिहावयाची आणि ओकाराची दोन्ही बाजूंनी. देवनागरीत अक्षरे पुष्कळ आणि परस्परांसारखी, त्यात जोडाक्षरांची भर. शिवाय ऱ्हस्व इकार लिहावयाचा आधी व उच्चारावयाचा नंतर. इंग्रजीत अक्षरे थोडी, पण त्यांच्या उच्चाराला नियम नाही म्हटले तरी चालेल. तामिळनाडूत २००६ च्या कायद्याने तमिळ टप्प्याटप्प्याने दहावीपर्यंत आवश्यक झाली. तेव्हा नोकरीनिमित्त चेन्नईस गेलेल्या मराठी कुटुंबातील मुलाच्या वाट्याला शाळेत दोन आणि घरी तिसरी अशा तीन लिपी येतात. ते केवळ नव्या तमिळ लिपीत मागे पडत असेल, तर त्याला अक्षम म्हणणे हा अन्याय. आणि तिन्ही लिपींत त्याच जातीच्या चुका करीत असेल, तर भाषा नवी आहे, सवयीने येईल, म्हणून सोडून देणे हाही अन्यायच. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली भारतीय भाषांसाठी ‘डाली’ नावाची तपासणी तयार केली. पहिल्या संचात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठी होती, तमिळ नव्हती. त्यामुळे चेन्नईतील मराठी मुलाची निदान मातृभाषेतून पारख करता येईल, अशी सोय झाली आहे. ती पारख करण्यास मराठी जाणणारा परीक्षक लागतो, आणि तो त्या शहरात शोधावा लागतो.